बोअर कुठं घ्यायचा

परभणीत शांतता बैठकीत ठरते. गणपती, ईद, भीमजयंती, एखादी मोठी मिरवणूक जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते. पुढच्या खुर्च्यांवर सगळ्या समाजांतली वजनदार माणसं असतात. डीजेचा आवाज, मिरवणुकीचा रस्ता, अफवांवर विश्वास ठेवू नका, चहा, आभार असा तिचा क्रम असतो. या बैठकांची टिंगल करायची नाही. त्या झाल्या नसत्या तर काय झालं असतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, मग धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्या आठवड्यात ‘शांतता राखा’ हे शब्द शहरात अनेकदा ऐकू आले. ते कोण कोणाला सांगतंय, याकडेही लोकांचं लक्ष होतं.

अशा गावात बसून ‘ख्रिस्ती माणूस शांती आणि दया रोजच्या जगण्यात कशी आणतो’ या विषयावर लिहायला घेतलं की पहिली अडचण संख्येची येते. परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं मूठभर. नाताळात त्यांच्या घरीही करंज्या, चकल्या, अनारसे होतात, शेजारी डबे जातात, आणि दिवाळीत तेच डबे भरून परत येतात. एकमेकांना भेटताना जुनी मंडळी अजून ‘सलाम’ म्हणतात. बाकीच्या गावाच्या डोक्यात मात्र ख्रिस्ती माणसाचं एकच चित्र आहे: दवाखान्यातली सिस्टर. पांढरे कपडे, हळू आवाज, खाटेवर वाकलेली. दया हा जणू त्यांच्या समाजाकडे पिढीजात आलेला व्यवसाय.

हे चित्र वाईट नाही, पण मला ते अपुरं वाटतं, आणि थोडं संशयास्पदही. त्यात ख्रिस्ती माणूस कायम देणारा आहे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, ही रचना आपल्या समाजाला इतकी ओळखीची आहे की तिनं कुणाचंच काही बिघडत नाही. अन्नछत्र घालणारा शेठही उदार असतो आणि वाड्याच्या ओसरीवरून शिळी भाकरी टाकणारी मालकीणही स्वतःला दयाळूच समजत होती. देणं अवघड नाही. आपण ज्याला खाली मानतो त्याच्याकडून घेणं अवघड आहे. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती लोकांनी या दुसऱ्या, अवघड गोष्टीचा रोजचा सराव केला त्याची काही उदाहरणं आहेत, आणि त्यांतलं सगळ्यात मोठं परभणीपासून पाथरी, माजलगाव, बीड, पाटोदा असं गेलं की दोनशे किलोमीटरच्या आसपास, जामखेडला आहे.

पण आधी विहीर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक प्रसंग आहे. भर दुपार, येशू चालून थकलेला, सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर बसलेला. शोमरोनातली एक बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्यातलं पाणी पिणं तर लांबच. येशूजवळ पोहरा नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. बाईलाच आश्चर्य वाटतं, की तुम्ही यहुदी, आणि माझ्याकडे कसं मागता? पुढं बराच संवाद आहे, धर्मशास्त्राच्या अंगानं त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. मराठी वाचकाला मात्र पहिल्याच दोन ओळींत सगळं कळतं, कारण २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं ते त्याला ठाऊक आहे. तिथं प्रश्न पाणी पिण्याच्या हक्काचा होता. इथं बाजू उलटी आहे: वरचा समजला जाणारा माणूस खालच्या समजल्या जाणाऱ्या बाईपुढं तहानलेला बसला आहे. आधी तो काही देत नाही, मागतो.

मराठीत हे सगळ्यात खरेपणानं जगून दाखवलं ते लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा चित्पावन घरातल्या या बाईचं सगळं जगच कोसळलं. काही वर्षं ताटातूट, मग पुन्हा एकत्र राहणं. पण नवरा ख्रिस्ती आणि बायकोची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई स्वतःला हसतात. पण त्या हसण्याखाली एक फार कठीण प्रवास आहे. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, आणि जातीचा विटाळ त्यांच्या मनातून त्याआधीच गेला होता. माणसामाणसांत हा भेद देवानं केलेला नाही, एवढं एकदा पटल्यावर, ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातचं त्या पिऊ लागल्या. म्हणजे बाई ख्रिस्ती झाली पाळकाकडे जायच्या आधी, पाण्याच्या भांड्यापाशी.

टिळकांची दया वेगळ्या जातीची होती. कवी माणूस, हात सढळ. घरात अनाथ मुलं आणायची, खिशात असेल ते काढून द्यायचं, किराण्याला दिलेले पैसे भलतीकडेच खर्चून यायचं. त्या मुलांना रांधून घालायचं, त्यांची आजारपणं काढायची, उधारी निस्तरायची ती लक्ष्मीबाईंनी. एकाच्या औदार्याचं बिल दुसरीनं भरायचं, हा प्रकार मराठी समाजकार्यात पुढंही पुष्कळ दिसतो, आणि चरित्रकार त्याकडे कौतुकानं कानाडोळा करतात. लक्ष्मीबाईंनी तो केला नाही. त्यांनी सगळं लिहून ठेवलं, माया न आटता.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती इतिहासाची सुरुवात जालन्यापासून करावी लागते. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं प्रकरण त्याहून गाजलं. मिशनऱ्यांकडे गेलेला हा मुलगा कोर्टानं घरच्यांच्या ताब्यात दिला आणि त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून सनातन्यांत फूट पडली. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. नारायण शेषाद्री मात्र पाळक झाले आणि स्कॉटिश मिशनच्या कामासाठी निजामाच्या राज्यात जालन्याला आले. त्यांच्याकडे आलेल्यांत मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येनं होते. गावात या नवख्रिस्त्यांना जागा मिळेना, म्हणून दिवाण सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ एक स्वतंत्र गाव वसवलं. त्याचं नाव बेथेल. स्वतःची विहीर, स्वतःची शेती, शाळा, देऊळ.

बेथेलकडे पाहून माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. ज्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नाही त्याला स्वतःची विहीर मिळणं ही केवढी गोष्ट, हे ती ज्याची कधी अडली नाही त्यानं बोलू नये. पण त्यामुळं गावची विहीर जिथल्या तिथं राहिली. गावाला काही सोडावं लागलं नाही, काही घ्यावं लागलं नाही. पुढं मराठी मुलखात ठिकठिकाणी मिशनची कंपाउंडं उभी राहिली. आत बंगला, दवाखाना, वसतिगृह, चिंचेची झाडं, आणि बाहेर गाव. कंपाउंडमधून दया बाहेर जायची आणि रुग्ण आत यायचे. मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या दवाखान्यासारखी कितीतरी नावं घेता येतील, ज्यांनी लाखो माणसं वाचवली. त्यांना उणं लेखायचा प्रश्नच नाही. पण भिंत होती.

या भिंतीच्या आतच डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कामाला सुरुवात केली. रजनीकांत अहमदनगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणायचं, शिक्षकी घरातले. मेबल जबलपूरच्या, वडील ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरबाईनं १९०० मध्ये एका खाटेनिशी सुरू केलेलं हे काम. तिथं डॉक्टरी शिकलेल्या मुलामुलींनी खेड्यात जावं अशी अपेक्षा असायची, आणि बरेच जण ती ऐकून घेऊन शहरात जायचे. या दोघांनी १९६० मध्ये लग्न केलं तेव्हाच, खेड्यातल्या उपेक्षित माणसांसाठी आयुष्य घालवायचं, असं ठरवलं. मग नेवासे तालुक्यातलं वडाळा मिशन. छत्रपती संभाजीनगरहून नगरकडे जाताना रस्त्यावरच वडाळा लागतं. अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं.

वडाळ्याच्या दवाखान्यात १९६२ ते १९६६ अशी चार वर्षं दोघांनी राबून काढली. रुग्णांची रीघ लागायची. पण तेच मूल हगवणीनं पुन्हा येई, तीच बाई रक्तक्षयानं पुन्हा येई, आणि काही येतच नसत. बहुतेक आजार असे होते की ते होऊच द्यायला नको होते. दवाखान्याचं नाव मोठं होत होतं आणि गावं तशीच आजारी राहत होती. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर आणखी खाटा मागितल्या असत्या. हे दोघं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तिथं प्रशिक्षण पुरं केलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले.

जामखेड निवडायला कारण होतं: तिथं काही नव्हतं. बालाघाटाच्या पठाराच्या कडेचा, पावसाच्या छायेतला तालुका. शेजारच्या पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते आणि पुढं लातूरकडे जाते. जामखेडच्या वाट्याला तिचं पाणी फारसं येत नाही. आम्हां परभणीकरांना गोदावरी आणि जायकवाडीचा डावा कालवा यांची सवय, काळ्या कसदार मातीची सवय. तिकडची मुरमाड रानं पाहिली की आपण दुष्काळाबद्दल जरा कमी बोलावं असं वाटतं. गुरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्यात आरोळ्यांनी माणसांचा दवाखाना थाटला. आठ गावं, दहा हजार वस्ती. त्या काळात तिथं जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागं १७६ वर्षाच्या आत दगावत.

गावकऱ्यांना विचारलं तर आरोग्य कुणालाच नको होतं. त्यांना पाणी हवं होतं, आणि मुलांना खायला. १९७२ चा दुष्काळ तोंडावर होता. डॉक्टरांनी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू करायला मदत केली आणि बोअर पाडायची यंत्रं मिळवली. इथं या लेखाचा मुख्य प्रसंग येतो.

त्या गावांत दलित बायकांना सार्वजनिक विहिरीवर चढता येत नसे. घागर घेऊन खाली बसायचं, कुणी सवर्ण बाई येईल आणि वरून ओतेल याची वाट पाहायची. ती आली नाही, तिचं मन झालं नाही, तर बसून राहायचं. यावर एक दयेचा उपाय होता: दलित वस्तीला वेगळा बोअर. दुसरा होता उपदेशाचा: सवर्णांना सांगायचं की अस्पृश्यता पाप आहे. आरोळ्यांनी तिसराच मार्ग काढला. बोअर कुठं घ्यायचा हे पाणाड्याच्या, तज्ज्ञाच्या शब्दावर ठरतं. बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगांमधून चालतं आणि ती भेग नेमकी कुठं आहे याबद्दल गाव तज्ज्ञाशी वाद घालत नाही. तेव्हा गावातल्या सगळ्यांसाठीचा हातपंप दलित वस्तीत बसेल अशी व्यवस्था त्यांनी जाणूनबुजून केली. पाणी लागलं. मग सवर्ण घरांना दोनच वाटा उरल्या: तहानलेलं राहायचं, किंवा घागर घेऊन त्या वस्तीत जायचं, त्याच दांड्याला हात लावायचा, त्याच रांगेत उभं राहायचं.

सुरुवातीला कुरकुर झाली, पुढं तहानेनं काम केलं.

याला कुणी लबाडी म्हणेल. मला तो योहानाच्या चौथ्या अध्यायाचा सगळ्यात अचूक अर्थ वाटतो, आणि त्यासाठी कुणालाही एक शब्द ऐकवावा लागला नाही. सवर्णांचा अपमान झाला नाही, दलितांवर उपकार झाला नाही. फक्त घेणाऱ्याची जागा बदलली. शांतता समितीत हे कधी ठरणार नाही, कारण तिथं आहे ती रचना न हलवता सगळ्यांना शांत ठेवायचं असतं.

हातपंपाबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते मराठवाड्याच्या अभिमानाचं आहे आणि मराठवाड्याला फारसं माहीत नाही. आपल्या गावठाणात, जिल्हा परिषदेच्या शाळेपुढं, एसटी थांब्यावर जो लोखंडी हातपंप दिसतो तो ‘इंडिया मार्क टू’ किंवा त्याचा वंशज. त्याआधीचे पंप बिडाचे, परदेशातल्या एका कुटुंबाच्या शेतघरासाठी बनलेल्या पंपांच्या नकला. तिथं दिवसातून चार बादल्या उपसल्या जायच्या, इथं दिवसभर अख्खं गाव दांडा हलवायचं. पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे आणि लाखमोलाचा बोअर झाकण लावून पडायचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीला जालन्याच्या मिशनमध्ये कठीण खडकात बोअर पाडायचं काम सुरू झालं, आणि तिथंच पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा दांडा असलेला मजबूत पंप तयार झाला. त्याला जालना पंप म्हणत. वडाळा मिशनमध्ये त्यात सुधारणा झाली. जालना आणि वडाळा मिळून ‘जलवाड’. मग सोलापूरला त्याचं आणखी पक्कं रूप निघालं. युनिसेफनं आणि सरकारनं त्यावरून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्क टू काढला आणि तो भारतभर, पुढं आफ्रिकेत पसरला. शेषाद्रींच्या जालन्यातून आणि आरोळ्यांच्या वडाळ्यातून निघालेली वस्तू आज जगातल्या लाखो बायकांच्या हाताखाली आहे, आणि तिच्यावर ना क्रूस आहे ना कुणाचं नाव. धर्मप्रसाराचं गणित मांडणाऱ्यांनी हा आकडा कुठल्या रकान्यात भरावा, त्यांनीच ठरवावं.

पंपाची दुरुस्ती हीसुद्धा दयेचीच बाब आहे, हे जाता जाता. दान देणारा उद्घाटनाला येतो. वायसर झिजलं की कोण येतं?

जामखेडला परत येऊ. आरोळ्यांनी आधी गावोगाव शिकलेल्या परिचारिका ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तरुण, अविवाहित, परगावच्या मुली. खेड्यात एकट्यानं राहायला त्यांना भीती वाटे, आणि गावातल्या बायका त्यांचं ऐकत नसत. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. ज्या आल्या त्या बहुतेक निरक्षर होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कितीतरी दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. शिकवण्याची सुरुवात औषधांपासून झाली नाही. मी कोण, माझं नाव काय, मला काय येतं, असं बोलायला शिकण्यापासून झाली. एका चुलीवरचं एकत्र जेवण होतं, सगळ्या जातींच्या बायकांचं, आणि ते सुरुवातीला काहींच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मेबल यांनी या बायकांना जे शिकवलं ते आज पाठ्यपुस्तकी वाटेल: मुलांचं वजन करणं, हगवण लागली की साखर-मीठ-पाणी, गरोदरपणातली तपासणी, बाळंतपणात स्वच्छ हात आणि उकळलेलं पातं, खोकला कुठला साधा आणि कुठला क्षयाचा, महारोग्याला घराबाहेर न काढता घरातच औषध. डॉक्टरी ज्ञान हीच डॉक्टरची इस्टेट. ती अक्षरशत्रू बाईच्या हाती सोपवणं ही त्या काळी वेडगळ गोष्ट होती, आणि आसपासच्या खासगी डॉक्टरांना ती धंद्यावरची धाडही वाटली. विरोध झाला. ख्रिस्ती माणूस आणि गरीब वस्ती म्हटल्यावर धर्मांतराची कुजबूजही ओघानं आलीच. आरोळे उत्तर द्यायला व्यासपीठावर गेले नाहीत. रजनीकांत संध्याकाळी गावातल्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचे. खेळ झाला की गप्पा, गप्पांतून शेतकरी मंडळ. मग बायकांची मंडळं. नेटच्या दोन्ही बाजूंना सगळ्या जातींचे खेळाडू असतील तर चेंडू कुणाकडे टाकायचा हे जातीवरून ठरवता येत नाही, सामना हरतो.

आकडे बोलायचे तर १७६ वरून अर्भकमृत्यू पाच-सहा वर्षांत ५२ वर आला, आणि २००४ च्या सुमाराला २४ वर. त्या साली देशाचा आकडा ५८ होता. यातलं बरंचसं डॉक्टरांनी केलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या जगभरच्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्यामागं जे अनुभव होते त्यांत ते एक. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम मुलगी शोभा आणि मुलगा रवी यांनी पुढं चालवलं. जामखेडच्या प्रशिक्षण केंद्रात देशोदेशीचे डॉक्टर आणि परिचारिका शिकायला येतात, आणि शिकवणाऱ्यांत त्या गावच्या बायका असतात.

यात ख्रिस्ती काय, असा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो. काही ख्रिस्ती मित्र म्हणतात, शुभवर्तमान कुठं सांगितलं? काही हिंदू मित्र म्हणतात, हे तर निव्वळ समाजकार्य. दोघांनाही गंगाखेडची जनाबाई आठवायला हरकत नाही. आमच्या जिल्ह्याची ही दासी नामदेवाघरी दळण, कांडण, शेणगोठा करत राहिली, आणि लोकमानसानं तिच्या जात्यापाशी विठ्ठलाला आणून बसवलं. देव तिला काही द्यायला आला नव्हता, तिच्याबरोबर दळायला बसला. धर्म कामात कुठं संपतो आणि काम धर्मात कुठं सुरू होतं हे परभणीच्या माणसानं तरी विचारू नये. आरोळ्यांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. रुग्णाच्या खाटेवर ती ठेवली नाही एवढंच.

मात्र एका गोष्टीवर मी अडतो. घेणं, मागणं, व्यवस्था हळूच हलवणं, हे सगळं संयमाचं काम. पण जिथं उघड अन्याय चालू आहे तिथं शांत माणसानं काय करायचं? वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं उत्तर वेगळं होतं. त्यांनी हरित वसईसाठी बिल्डर, टँकरवाले आणि राजकारणी यांच्या विरोधात मोर्चे काढले, धमक्या सोसल्या आणि दगड कुणाला उचलू दिला नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, ९३ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा ते अध्यक्ष होते. एका धर्मगुरूला अध्यक्ष केलं म्हणून आधी धमक्यांचे फोन आले. पाठीच्या दुखण्यानं बेजार असताना ते मराठवाड्यात आले आणि हिंसेविरुद्ध, गप्प बसण्याविरुद्ध बोलले. गप्प बसणारा माणूस शांतताप्रिय असतोच असं नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. आरोळे आणि दिब्रिटो ही एकाच श्रद्धेची दोन टोकं आहेत. परभणीला २०२४ च्या डिसेंबरात कुठलं टोक जास्त लागलं असतं, हे मला नक्की सांगता येत नाही. दुसरं, असं मन म्हणतं. पण कोठडीतला मृत्यू मोर्च्याच्या रेट्यानं विसरू दिला जात नाही, आणि वस्ती-वस्तीतला अबोला मोर्च्यानं सुटत नाही, हेही खरं.

सरकारनं जामखेडकडून काय घेतलं? १९७७ मध्ये गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना आली; निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. मग २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आरोग्यसेविका आल्या. हजार वस्तीमागं एक, त्याच गावची, बाई. जामखेडची छाया स्पष्ट दिसते. पण अट घातली आठवी पासची. जामखेडच्या पहिल्या बायकांपैकी बहुतेकींना ती नोकरी मिळालीच नसती. मोबदला कामागणिक, नोंदी ढीगभर, वरून येणारे आदेश रोजचे. कोविडमध्ये परभणी, जिंतूर, सेलू, पूर्णा, सगळीकडे दारोदार फिरल्या त्या याच बायका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या, आझाद मैदानात बसल्या होत्या.

मला मोबदल्याइतकंच दुसरं एक खटकतं. आरोळ्यांच्या आठवड्याच्या बैठकीत बायका बोलायच्या आणि डॉक्टर लिहून घ्यायचे: कुठल्या घरी कोण आजारी, कुठल्या सासूनं सुनेला पोटभर खायला दिलं नाही, कुठल्या गल्लीतला पंप बंद आहे. उपचाराचा पुढचा आठवडा त्यावरून ठरायचा. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची मासिक बैठक असते. ती खुली नसते, पण व्हरांड्यात बसून ऐकू येते. तिथं आकडे कोण सांगतं, सूचना कोण देतं, आणि वही कुणाच्या मांडीवर असते, एवढं एकदा बघून यावं. पाळकांनी बघावं, शांतता समितीच्या सदस्यांनीही बघावं, आणि जमल्यास बैठक संपल्यावर एखाद्या आशाताईला विचारावं, की गावात आता बोअर घ्यायचा झाला तर तो कुठं घ्यावा.